दोन बोटं माया

कॉव्हेंट्रीत बाबांनी एकवीस वर्षं
मोटारींच्या सीटा शिवल्या.
काळं रेक्झिन, तपकिरी रेक्झिन,
क्वचित कुणा साहेबाच्या गाडीला खरं कातडं.
म्हणायचे, माणूस अख्खं वजन टाकून बसतो,
टाक्यानं लाजून चालत नाही.

माझा लग्नाचा झगा त्यांनी त्याच हातांनी शिवला.
झगाच म्हणायचे.
गाऊन म्हणजे त्यांच्या लेखी
आईचा रात्रीचा, फुलाफुलांचा.

एक्क्याण्णव साल. मी कार्डिफला.
मापं फोनवरून दिली,
छातीचं सांगताना दोघंही खोकलो.
आई फोनवर आली नाही.
‘पांढरं घालून बोहल्यावर चढतं का कुणी’
एवढं मागून ऐकू आलं
आणि कुकरची शिट्टी.

मार्केटातल्या मिसेस डॉयलकडून
बाबांनी सॅटिन आणलं. किती?
नऊ वार, म्हणाले,
आणि पलीकडची शिट्टी बंद झाली.

फेब्रुवारीत रजिस्टर ऑफिसबाहेर
बर्फाचा नुसता चिखल.
घोळ उचलून मी पायऱ्या चढले.
फोटोत आई मोरपंखी शालूत, कोटाशिवाय,
पार टोकाला.
गॅरेथ माझ्याकडे बघतोय,
बाबा माझ्या खांद्यावरच्या शिवणीकडे.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
आता सेरेनला तोच झगा हवाय.
ती नदीवर होडी वल्हवते,
अंगानं माझ्यापेक्षा भरलेली.
म्हणून परवा रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर
कमरेची शिवण उसवायला बसले.

आत दोन बोटं माया निघाली.

शिंप्याच्या घरात हा शब्द
आधी कापडाचा असतो, मग माणसांचा.
बाबांचं ठरलेलं, कात्रीला घाई नको,
माया असू द्यावी आत,
अंग काही सांगून वाढत नाही.

त्या मायेत, कडेपासून अर्ध्या इंचावर,
भोकांची एक ओळ होती.
सॅटिन सुईला विसरत नाही.
धावदोरा असता तर लांब लांब उड्या दिसल्या असत्या.
ही मशीनची टीप. इंचाला दहा,
दोन्ही टोकांना उलटी मारून पक्की केलेली,
मग कधीतरी
एकेक टाका उचलून काढलेली.
दुसरी बाजू उसवली. तिथेही तीच.
चारही पदर मोजले.
कंबर माझ्याहून चार इंच मोठी.
उंचीला मात्र काहीच फरक नाही.

त्या घरात माझ्या उंचीची एकच बाई होती.

पडदे ओढलेले असणार,
शेजारची लोरेन फार बघायची.
आई स्टुलावर,
बाबा खाली गुडघ्यांवर, ओठांत टाचण्या,
म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही.
हे इथवर समजलं.
पण नुसतं माप बघायला
पक्की टीप कुणी मारत नाही.
पक्की टीप
घालून चालायला असते.

कुठवर चालली असेल?
जिन्यापर्यंत? मागच्या दारापर्यंत,
जिथून कचऱ्याचे डबे दिसतात?

सेरेनला तीन इंच पुरले असते.
मी जुन्या भोकांवरूनच मशीन चालवलं.
सुई आपोआप पडत गेली.

रविवारी झगा घेऊन आईकडे गेले.
चौऱ्याऐंशीची आहे, कानात यंत्र,
मांडीवर वर्तमानपत्र, त्यात कोथिंबीर.
मी काही विचारलं नाही,
फक्त शिवण उलटी करून तिच्यापुढे धरली.
तिनं बोट फिरवलं, चष्मा न लावता.

‘गळा जरा मोठा होता,’ म्हणाली.

एक जुडी निवडून झाली,
दुसरीची दोरी सोडली.

‘आणि बटणं सगळी मागे.
त्यांनाच लावावी लागली.’